रोल नंबर तेवीस

कॉलेजचं नाव सांगणार नाही. बाकी यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. मनस्विनीनं जसं सांगितलं, तसंच सांगतोय.

२०२४ चा ऑगस्ट संपत आला होता. बुधवार. दुपारचे तीन. पैठण रोडवरच्या एका कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटर लॅब.

मनस्विनी तिथं तासिका तत्त्वावर नुकतीच लागली होती. आधीच्या मॅडम महिनाभरातच नोकरी सोडून गेल्या होत्या. का, ते ऑफिसात कुणी सांगितलं नाही.

बीसीएचं पहिलं वर्ष. हजेरीपटावर चाळीस नंबर, पण तेवीससमोर नाव नव्हतं. प्रवेश रद्द झालाय, असं क्लार्क म्हणाला.

मुलांचं बरंच बुडालं होतं, म्हणून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्या रोल नंबरचं फोल्डर करायचं, चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, त्यात सेव्ह करायचा. निम्मी पोरं खेड्यातली. माऊस हातात धरतानाही बिचकणारी.

मुलं गेल्यावर ती आपल्या मशीनवर फोल्डर तपासायला बसली. एकोणचाळीस असायला हवी होती...

चाळीस होती.

बावीस. तेवीस. चोवीस.

तेवीसमध्ये तोच चार ओळींचा प्रोग्राम होता. एकाही ओळीच्या शेवटी सेमीकोलन नव्हता. त्याशिवाय प्रोग्राम चालत नाही, आणि नवशिकी पोरं हमखास तोच विसरतात.

कुणीतरी चेष्टा केली असणार. तिनं फोल्डर उडवून टाकलं.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा आलं.

तिनं वर्गात सगळ्यांना झापलं. चेष्टा करणारं पोरगं कितीही दाबलं तरी हसतं. इथं कुणीच हसलं नाही.

लॅब अटेंडंट कडूबा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला विचारलं, तर त्यानं भलताच विषय काढला. चारला कुलूप लावतो, तुमीबी निघत जा, एवढंच म्हणाला.

तिसऱ्या बुधवारी मात्र मनस्विनीतली मास्तरीण जागी झाली. तीच चूक, तिसऱ्यांदा! तिनं फाईलमध्ये खाली लिहिलं, 'प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलन दे.'

चौथ्या बुधवारी चारही ओळींना सेमीकोलन होते. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं...

'मॅडम, आता चाललं.'

तिला क्षणभर आनंदच झाला. मग तिनं हजेरीपट उघडून पाहिला. तेवीससमोरची जागा अजून कोरीच होती.

तरी ती लिहीत राहिली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. ती चूक दाखवायची, पुढच्या वेळी ती सुधारलेली असायची. वर्गातल्या कुणाहीपेक्षा हा तेवीस नंबर झपाट्यानं शिकत होता.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा बुधवार. मुलं लवकर निघून गेली. कडूबा खाली चहाला गेला होता. लॅबमध्ये ती एकटीच.

आणि कोपऱ्यातून आवाज आला.

टक्...

मग बराच वेळ काही नाही.

टक्... टक्...

एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केल्यासारखा.

कोपऱ्यातलं मशीन बंद होतं. पडदा काळा. पण तिच्यासमोर उघड्या असलेल्या तेवीसच्या फाईलमध्ये एकेक अक्षर उमटत होतं.

'मॅडम, सुट्टीत पण याल का?'

तिनं 'नाही' लिहिलं.

आवाज थांबला.

पंखेही थांबले...

तिच्या शेजारची खुर्ची टेबलात सरकवलेली होती. ती खुर्ची आपोआप, हळूच बाहेर आली. कुणाला तरी बसता यावं, तेवढीच.

मनस्विनी जिन्यावरून कशी खाली आली, तिलाच माहीत नाही. कडूबानं तिचा चेहरा पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला.

"बिडकीनचा पोरगा व्हता, ऋतुराज," तो म्हणाला. "पहिल्या प्रॅक्टिकलला निघाला अन् रस्त्यातच गेला. गाडी उलटली. आधीच्या मॅडमलाबी ते फोल्डर दिसायचं. पन त्यांनी त्याला कधी जवाब दिला नाय."

मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुमी दिला."

रविवारी ती पैठण रोडवरच्याच बिडकीनला, त्याच्या घरी गेली. कशासाठी, तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. कदाचित माफी मागायला. ऋतुराजच्या आईचं नाव वच्छलाबाई. मनस्विनीनं नाव सांगितलं नाही, काय शिकवते तेही नाही. कॉलेजातून आलेय, एवढंच म्हणाली.

वच्छलाबाईंनी चहा टाकला. पोराचा फोटो दाखवला. डोळ्यांत पाणी नव्हतं. आधी लई रडायचा सपनात, म्हणाल्या. काही येत नाय, कुणी शिकवत नाय म्हणायचा. आता रडत नाय.

"आता लई खुश हाय," त्या म्हणाल्या. "मॅडम लई चांगलं शिकिवतात म्हनतो."

मनस्विनीच्या हातातला चहा निवत चालला होता.

वच्छलाबाई तिच्याकडं मायेनं बघत राहिल्या.

"तुमीच ना त्या? तुमच्यासाठी शेजारची जागा धरून ठिवलीय म्हनतो."

दुसऱ्या दिवशी मनस्विनीनं राजीनामा दिला. आता ती घरीच शिकवण्या घेते. मुलांच्या वहीवर चूक दिसली तरी आधी मूल समोर आहे ना, बघते. मगच पेन उचलते.

मागच्या महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी तिला पैठणला जावं लागलं. एसटी गच्च भरलेली. फक्त खिडकीशेजारची दोघांची सीट मोकळी होती. त्यातल्या एका जागेवर रुमाल टाकलेला.

बसा की ताई, कुणी नाय तिथं, असं कंडक्टर दोनदा म्हणाला.

ती पैठणपर्यंत उभी राहिली. बिडकीन आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

रुमाल कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित एखाद्या साध्यासुध्या माणसानं हात वर केला असता, आणि ती निर्धास्त झाली असती.

पण विचारायला तोंड उघडायचं, तर जवाब कोण देईल...

याचीच तिला भीती वाटते.