उजव्या कानातली सोबत

नवरा गेल्यावर आजीबाईंनी नवऱ्याचंच उजव्या कानाचं यंत्र वापरायला काढलं, ते निव्वळ नाइलाजाने. त्यांनाही हल्ली कमी ऐकू यायचं, आणि चांगलं चालतं यंत्र कपाटात कशाला ठेवायचं? यंत्रवाल्याने नवऱ्याला सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. "सुरुवातीला स्वतःचंच चावणं, गिळणं मोठ्याने ऐकू येतं. घाबरायचं नाही."

तसंच झालं. दुपारी ताटावर बसल्या आणि डोक्यात नुसता गोंधळ. चावणं, घोट, पोटातली गुरगुर. आपल्या आत एवढा गडबडगुंडा चालतो हे कळून त्यांना हसूच आलं.

मग त्यात कट्ट झालं. दर घासाला एक कट्ट.

नवऱ्याचा जबडा असा वाजायचा. त्या कट्टवरून आजीबाई जन्मभर करवादल्या होत्या. "अहो, माणसासारखं जेवा जरा." शेवटी शेवटी ते बिचारे ताट घेऊन गॅलरीत बसायचे. आजीबाईंच्या तोंडात तर कवळी. ती कधी अशी वाजली नव्हती.

त्यांनी यंत्र उपसून काढलं. घर असं गप्प झालं की घास घशाखाली उतरेना. थोड्या वेळाने त्यांनी ते परत घातलं. एकटीने जेवण्यापेक्षा भीत भीत दोघांनी जेवलेलं परवडलं.

पुढे भीतीही गेली. खुर्चीत बसताना आजीबाईंचा गुडघा करकरे, पाठोपाठ नवऱ्याचं "हुश्श" येई. आजीबाई चक्क दोन घास जास्त जेवू लागल्या.

आणि एक दिवस ध्यानात आलं, कट्ट येतंय, पण आपलं चावणं येत नाही. हुश्श येतंय, गुडघा नाही. छातीवर हात ठेवला तर ठोके हाताला लागत होते, कानाला नाहीत. तेव्हा मात्र त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी यंत्रवाल्याचं दुकान गाठलं.

यंत्रवाल्याने यंत्र काढून घेतलं आणि त्याला रबरी नळी जोडून तिची टोकं आपल्या कानांत घातली. "आजी, जरा श्वास रोखा. अजिबात हलू नका."

तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही... काही चघळताय का?"

"नाही रे बाबा."

त्याने घाईने यंत्र डबीत टाकलं. "हे राहू दे इथेच. हे नवीन घाला. आता पाणी प्या, स्वतःचा घोट ऐकू येईल."

नव्या यंत्रात रस्त्यावरची सायकल ऐकू आली, त्याच्या शर्टाची सळसळसुद्धा. आजीबाईंनी घोट घेतला. पाणी गार होतं. आवाज आला, पण टेबलावरच्या डबीतून.

दोघांनी तिकडे पाहिलं. डबीत कट्ट झालं.

"आजी... ते घरी नेऊ नका."

आजीबाई डबीकडे बघत बसल्या. नवीन यंत्र घालून त्या रिकाम्या घरात ऐकायचं तरी काय होतं? एकटेपणाने त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. त्यांनी नवीन काढलं, जुनं कानात बसवलं.

"जेवायची वेळ झाली आमची," त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी ताट गॅलरीत नेलं. पहिल्याच घासाला कट्ट आलं, आणि किती दिवसांनी त्यांचं स्वतःचं चावणंही. बरं वाटलं. सहज छातीवर हात ठेवला. हाताला काहीच लागलं नाही.

कानात मात्र ठोके स्पष्ट येत होते. दोघांचे.

आजीबाईंनी पुढचा घास घेतला.