बिनपायांच्या बाहुल्यांचा वॉर्ड

"नीतू, सरावाच्या वॉर्डात कोणीतरी कण्हून राहिलं!" रीता धापा टाकत फाटकाशी आली.

नीतू पेटीवर बसली होती. दिवाळीची सुट्टी लागलेली. बाबा सकाळीच न्यायला येणार होते. ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नव्हता. फोनही उचलत नव्हते.

शेजारी उभा असलेला कैलाश हसला. "तिथं तर बाहुल्या आहेत. सुट्टी नाही भेटली म्हणून रडून राहिल्या असतील!"

तुमसरजवळच्या या शाळेत नर्स, लॅबवाले व्हायची तयारी करून घेत. सकाळीच वॉर्डात परीक्षा झाली होती. काही खाटांवर गावकरी पेशंट बनून झोपले, बाकीच्यांवर सरावाच्या बाहुल्या; मुलांनी त्यांना तपासलं, नीतूचा नंबर पहिलाच होता. आता दाराला कुलूप होतं.

तिघांनी खिडकीची काच पुसली. ओळीनं खाटा. सगळ्यांवर पांढऱ्या चादरी, तोंडावरूनसुद्धा. काहीच आवाज नव्हता.

मग कोपऱ्यातली चादर हळूच वर आली. खाली गेली.

"वाऱ्यानं!" कैलाश पुटपुटला.

"पंखा बंद आहे," रीता म्हणाली. "खिडक्याही."

नीतूनं काचेला नाक लावलं. त्या चादरीतून दोन पाय बाहेर आले होते. शाळेतल्या बाहुल्या कमरेपर्यंतच होत्या. एकीलाही पाय नव्हते!

डाव्या अंगठ्यावर मासे धरताना गळ लागल्याची जुनी खूण होती. ती खूण तिला पाठ होती.

"बाबा!"

परीक्षा घेणारे धनंजय सर बॅग घेऊन निघालेच होते. चावी त्यांच्याकडं होती.

"सर, माझे बाबा आत आहेत!"

"तुझे बाबा आलेच नाहीत म्हणून तूच रडत होतीस ना? बाहुल्या मी स्वतः झाकल्या. भुताच्या गोष्टी घरी सांगा!"

कैलाशनं रीताकडं पाहिलं आणि धाडकन जमिनीवर पडला. हातपाय झाडू लागला.

"सर, फीट आली! ऑक्सिजन वॉर्डात आहे!" रीता ओरडली.

सर धावले. कुलूप निघालं, तसा कैलाश टुणकन उठून सगळ्यांच्या आधी आत!

नीतूनं चादर ओढली. तिचे बाबा, तेजराम, घामानं भिजले होते. अंग गार. रीतानं बोट टोचून मशीन लावलं. "साखर चाळीस! फार कमी!"

नीतूनं बाबांना कुशीवर वळवलं आणि गालाच्या आतून ग्लुकोज चोळलं. कैलाशनं १०८ला फोन लावला. सर भिंतीला टेकून नुसते उभे होते.

बऱ्याच वेळानं तेजरामांनी डोळे उघडले.

"सरांनी ओळखलं नाही. म्हणाले, एक पेशंट कमी आहे, झोपा जरा. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं, जेवायचं राहिलं... मले बाहुली समजले काय बे?"

मुख्याध्यापिका रेवताबाई धावत आल्या. "धनंजय सर, चादर टाकताना तोंड तरी पाहायचं होतं!" मग मुलांकडं वळल्या. "पोरांनो, मोठ्यांना नाही जमलं ते तुम्ही केलं. शाबास! कैलाश, तू मात्र नाटकात जा."

"मॅडम, डोकं खरंच आपटलं!" कैलाश टेंगूळ चोळत म्हणाला.

ॲम्ब्युलन्समध्ये नीतू बाबांची नाडी मोजत बसली.

"ठीक आहे ना? सोड आता," बाबा म्हणाले.

मोजून झालं होतं. तरी तिनं मनगट सोडलं नाही.