चुलीवरचा पत्रा

सरोवराकाठच्या बालिक्ची गावात छपराचे पत्रे बसवायचे तर आधी वाऱ्याचं तोंड बघतात. पश्चिमेचा उलान वारा दरीतून सुटला की काठावर धड उभंही राहवत नाही. म्हणून पत्रे बसवणारा कालमात पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करी. जोडाची कड वाऱ्याकडे पाठ करून राही. स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात, थेट लाकडी रिपेत, डोक्याखाली रबरी वायसर. वायसर किंचित दबावा, फुगून बाहेर येऊ नये.

बहिणीच्या घरावर तर त्याने जीव ओतला होता. उलकानचा नवरा बेशेन वसंतात आजारपणात गेला. जुनं छप्पर तडकलेलं, पदरात तान्ही पोर आणि हिवाळा तोंडावर. कालमातने आढ्याखालच्या फटीसुद्धा फोमने बुजवल्या. मुंगी शिरायची नाही असं काम.

पुढच्याच शुक्रवारी छपरात चुलीच्या बरोबर वर येणाऱ्या पत्र्याचे स्क्रू निघाले. पत्रा जागेवर होता आणि स्क्रू पन्हळीत ओळीने मांडून ठेवलेले होते. वारा काही असं आवरून ठेवत नाही.

"एसेनकुलचं काम," कालमात म्हणाला. एसेनकुल म्हणजे उलकानचा धाकटा दीर. हे घर त्याला हवं होतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

"भावोजी शिडीवर चढले तरी त्यांचे पाय लटपटतात, दादा."

"वाईट करायचं असलं की पायात बळ येतं. पत्रा सुटला तर एखाद्याची मान उडेल. तुझ्याच पोरीची उडेल."

उलकान बोरसोक, पिठाचे छोटे तुकडे, तळत होती. गेलेल्या माणसापर्यंत शुक्रवारी तेलाचा वास पोचवायचा असतो. वास खोलीतच कोंडला होता.

"जुन्या छपरातून निघून जायचा," ती म्हणाली.

"म्हणजे बसलंय चांगलं," कालमात म्हणाला आणि वर जाऊन त्याने लांब स्क्रू मारले.

पुढच्या शुक्रवारी तेही निघाले. आता कालमातचा संशय पक्का झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने सकाळीच एसेनकुलला बोलावून अंगणात समोर बसवलं.

"माझ्यावर पहारा का?"

"चहा पी."

"बायकोसुद्धा एवढं लक्ष ठेवत नाही माझ्यावर."

"तिला पत्रे बसवायचे नसतात. पी गपचूप."

दुपार झाली. वारा पडलेला, ऊन लख्ख. आत कढईत पीठ पडल्याचा आवाज आला आणि तेलाचा वास सुटला.

छपरावर एक स्क्रू हळूहळू उलटा फिरू लागला. धीराने, सवयीच्या हाताने फिरवावा तसा. पूर्ण वर आला, आडवा झाला. मग त्याच्या शेजारचा.

एसेनकुलचा प्याला ओठांपर्यंत पोचलाच नाही.

"वासापुरती एक फट राहू दे, दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"फट ठेवली तर उलान सगळं छप्पर घेऊन जाईल. ह्या दोघी थंडीत कुठे जातील?"

कालमात घाबरला होता, आणि घाबरला की त्याला राग येई. तो वर चढला. पत्रा घट्ट केला, वर खिळे मारले, कडेने डांबर ओतलं.

त्या आठवड्यात उलान सुटला. गल्लीतली दोन छपरं गेली, उलकानचं जागचं हललं नाही. शुक्रवारी कालमात खुशीत शिडी चढला.

पत्र्यावर स्क्रूचं एकही डोकं दिसेना.

प्रत्येक भोकातून टोक वर आलं होतं. साऱ्या छपरावर नुसती टोकं.

तो माळ्यावर गेला. डोकी आत होती. रिपेत नीट ओळीत, प्रत्येकाखाली रबरी वायसर. किंचित दबलेला, फुगून बाहेर न आलेला. आतून बसवलं होतं, आणि त्याच्याहून चांगलं.

तेलाचा वास इतका दाट होता की त्याला ठसका लागला.

तो घाईने खाली उतरला. चूल थंड होती. कढई घासून खुंटीला टांगलेली. उलकान पोरीला दुपट्यात गुंडाळत होती.

"आज तळलं नाहीस?"

"आता कशाला?" ती म्हणाली. मग वर न बघता म्हणाली, "दादा, माळ्याची झडप लावू नकोस. लावली की हे ठोकत बसतात. पोर उठते."