थंडगार पिशवीतली हवा

नळीत हवा शिरायला कुठेही वाट नव्हती, तरीही नळीत हवा होती.

पंपाने लाल दिवा लावला, टीं टीं टीं असा गळा काढला आणि औषध थांबवलं. जुईने डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तरी बुडबुडे तिथेच! मोहरीच्या दाण्यांएवढे, एकामागे एक. एका ठिकाणी तर चारपाच जणांनी एकत्र येऊन बोटाच्या पेराएवढी पोकळी केली होती.

"आधी चिमटा," खंड्या म्हणाला.

खंड्या म्हणजे आरोग्य केंद्राने घरी पाठवलेला यंत्रमानव. कोंबड्याएवढा, निळाशार, आणि पलंगाच्या कठड्यावर बसून टक लावून बघण्यात पटाईत. म्हणून जुईने त्याला त्या मासेखाऊ पक्ष्याचं नाव दिलं होतं.

आईने नळीवरचा चिमटा (नळी दाबून बंद करायची कळ) दाबला.

"आता नळी सोडवायची नाही, उघडायची नाही," खंड्या म्हणाला. "मी सिस्टरना बोलावतो."

जुईच्या पायाच्या हाडात जंतू शिरले होते. महिनाभर रुग्णालयात काढल्यावर डॉक्टरांनी उरलेलं औषध घरी घ्यायची परवानगी दिली होती. घर उजनी धरणाच्या पाण्याकाठी. दादा, म्हणजे जुईचे वडील, तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत चिलापी मासे वाढवत. रोज सकाळी दंडातल्या बारीक नळीतून औषध थेट शिरेत जाई. पहिला आठवडा ते मुकाट उतरलं. मग ऊन तापलं आणि हा घोळ सुरू झाला. काल तर औषध अर्ध्यावरच राहिलं.

भिंतीवरच्या पडद्यावर लतिका सिस्टर आल्या. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"आज जेमतेम सुरुवात झाली होती, म्हणून नव्याने देता येईल. ही पिशवी आणि नळी बाजूला ठेवा. पण जुई, ऐक. औषधात खंड पडला की जंतू पुन्हा डोकं वर काढतात. आजही औषध पुरतं गेलं नाही, तर संध्याकाळी बोट पाठवते. तुला वॉर्डात यावं लागेल."

जुईला वॉर्ड आठवला. वॉर्डाच्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसायची. आणि इथे पुढच्या आठवड्यात मासे काढायचे होते. नखाएवढी पिल्लं होती, तेव्हापासून तिने स्वतःच्या हाताने खाऊ घातलेले मासे!

"एक बुडबुडा जरी शिरला तरी माणूस जातं म्हणे," आई पुटपुटली.

"तसं नाही, सारिकाताई," खंड्या म्हणाला. "मोहरीएवढा एखाददुसरा बुडबुडा रक्तात विरघळतो, फुप्फुसांतून बाहेर पडतो. पण हवेचा लांब पट्टा आत गेला, तर तो रक्ताची वाट अडवू शकतो. म्हणून पंप धोका पत्करत नाही. तो नळीच्या एका बाजूने श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज) सोडतो. द्रवातून तो सहज पलीकडे पोचतो. मध्ये हवा आली की अडतो. पलीकडे आवाज पोचला नाही, की पंप थांबतो."

"आणि बोंबलतो," जुई म्हणाली. "पण हवा येते कुठून?"

"सांधे घट्ट आहेत. पिशवीला भोक नाही. ठिबक-कोठी (थेंब पडतात ती पारदर्शक कुपी) अर्धी भरलेली होती. बाहेरून हवा शिरलेली नाही."

"मग आभाळातून पडली?"

"माझ्याकडे बरीच कारणं आहेत. त्यांतलं इथलं कोणतं, ते मला दिसत नाही. मी पलंगापाशी असतो, घरभर नसतो. तूच सांग, पहिल्या आठवड्यात आणि आता काय बदललं?"

जुईने डोकं खाजवलं. "नळी तसलीच. पंप तोच. आई तीच. तिचा राग तेवढा वाढलाय."

"वाढणारच!" आई म्हणाली, पण तिचे डोळे भरलेले होते.

तेवढ्यात बाहेरून दादांची हाक आली. "सारिका, पंखे लाव! मासं वर आलंत!"

आई धावली. जुईने खिडकीतून पाहिलं. ऊन रणरणत होतं. पिंजऱ्यांमध्ये मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. पाण्यातले पंखे फिरू लागले, पाणी उसळलं, आणि हळूहळू मासे खाली गेले. उन्हाळ्यात हे नेहमीचंच. पाणी तापलं की त्यातली हवा निघून जाते, मासे गुदमरतात, म्हणून पंख्याने...

जुई ताडकन उठून बसली.

"खंड्या! थंड पाण्यात हवा जास्त मावते ना?"

"हो. हवा पाण्यात विरघळलेली (डोळ्यांना दिसणार नाही अशी मिसळलेली) असते. साखरेसारखी. फक्त साखरेच्या उलट. साखर गरम पाण्यात जास्त मावते, हवा थंड पाण्यात."

"आई! तू पिशवी फ्रीजमधून कधी काढतेस?"

पदराने घाम पुसत आई दारात थबकली. "लावायच्या वेळी. बाहेर काढली की लगेच लावते."

"पहिल्या आठवड्यात तासभर आधी काढून ठेवायचीस ना?"

"तेव्हा एवढं ऊन नव्हतं गं. मासा कसा, तोलायच्या क्षणापर्यंत बर्फात. जरा बाहेर राहिला की गेला. औषध नासलं म्हणजे?"

"सापडलं!" जुई ओरडली. "हवा बाहेरून आलीच नाही. ती थंड औषधातच होती! नळीतून येता येता औषध गरम होतं, हवा मावेनाशी होते आणि बुडबुडे होऊन बाहेर पडते!"

खंड्याने मान तिरकी केली. "तर्क सुरेख आहे. पुरावा?"

जुईने आईकडून दोन काचेचे पेले मागून घेतले. एकात फ्रीजमधलं पाणी, दुसऱ्यात कळशीतलं. दोन्ही खिडकीत ठेवले. तिघंही त्या पेल्यांकडे बघत बसली. थोड्या वेळाने थंड पेल्याच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे चंदेरी ठिपके चिकटू लागले. कळशीच्या पाण्याचा पेला जवळजवळ स्वच्छ होता.

"बाई गं!" आई म्हणाली. मग लगबगीने फ्रीजकडे वळली. "गरम पाण्यात बुडवू का पिशवी? पाच मिनिटांत होईल."

"नको, नको!" खंड्या इतक्या जोरात म्हणाला की कठड्यावरून घसरलाच. "जास्त उष्णतेने औषध बिघडतं. सावलीत, मेजावर, बंद पिशवी नुसती ठेवायची. सांगितलेला वेळ बाहेर राहिली तर ती नासत नाही. मासा वेगळा, औषध वेगळं."

सिस्टरनी पडद्यावरून होकार दिला. आईने फ्रीजमधली नवी पिशवी मेजावर ठेवली आणि जुईने तिच्यावर पहारा दिला. माशी आली की हाकल, आई जवळून गेली की दटाव. वेळ झाल्यावर आईने हात स्वच्छ धुतले, नवी नळी जोडली आणि दंडाला लावण्याआधी तिच्यातून औषध सावकाश पुढे सोडलं. नळीतली हवा टोकाने निघून गेली. दोन बुडबुडे कडेला चिकटून बसले होते. आईने नळी ताणून धरली आणि नखाने टिचकी मारली. हवा औषधापेक्षा हलकी, त्यामुळे दोघेही डुलत डुलत वर ठिबक-कोठीत गेले. खंड्याने नळी टोकापासून टोकापर्यंत तपासली. मग ती जुईच्या दंडाला जोडली गेली आणि पंप सुरू झाला.

औषधाचे थेंब पडू लागले. मध्येच एक इवलासा बुडबुडा नळीतून सरकत आला. आईने जुईचा हात घट्ट धरला. बुडबुडा पंपापाशी पोचला. पंपाने त्याला जोखलं, निरुपद्रवी ठरवलं आणि काम चालू ठेवलं. त्याच्यामागून दुसरा आलाच नाही.

पिशवी चपटी होत गेली. शेवटी पंपाचा हिरवा दिवा लागला आणि त्याने एकच लांब, गोड सूर काढला.

ओल्या पायांनी दादा आत धावले. "पुन्हा बोंबललं का?"

"नाही दादा! संपलं! सगळं औषध गेलं!" जुईने मोकळा हात उंच फेकला. आई हसत हसत रडू लागली, आणि काय झालं ते नीट न कळताही दादांनी खंड्यालाच उचलून नाचवलं.

"बोट रद्द," लतिका सिस्टर म्हणाल्या. "जुई, मासे काढाल तेव्हा मलाही बोलव. आणि खंड्या, ऊन सगळीकडेच तापलंय. घरी औषध घेणाऱ्या सगळ्यांना हे कळायला हवं."

"कळवलं," खंड्या म्हणाला. "आजपासून मी आणि माझी सगळी भावंडं नळी जोडण्याआधी विचारणार, पिशवी थंड आहे का?"

जुई पलंगावर आडवी झाली.

"खंड्या, टिचकी मारली की बुडबुडे वर जातात. पण अंतराळयानात वर-खाली असं काही नसतंच. तिथे कुणाला असं औषध द्यायचं झालं तर?"

"तिथे बुडबुडे वर चढत नाहीत. जिथल्या तिथे तरंगतात."

"मग त्यांना नळीतून घालवायचं कसं?"

"तुला काय वाटतं?"

जुई उठून बसली. "थांब," ती म्हणाली, "विचार करू दे."