हिरवी पट्टी

पहिल्याच भेटीत त्याने तिला नखशिखांत भिजवलं. म्हणजे मुद्दाम नाही हो! निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यामागे तो टाकीला पाइप जोडत होता, ती हात धुवायला वाकली, आणि पाइप निसटला...

"अहो, डोळे आहेत की बटणं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"डोळेच आहेत," तो म्हणाला, "म्हणून तर हातातला पाइप सुटला."

असला आगाऊ माणूस! पण घरदार सोडून आलेल्या त्या हजारो लोकांना पाणी पुरवणारा इंजिनियर तोच, तेव्हा रोज गाठ पडायचीच. दवाखान्याचा नळही हल्ली फारच बिघडायला लागला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तिला कळलं नाही. सिस्टरला मात्र सगळं कळत होतं.

मग एका दुपारी पाण्याच्या रांगेशेजारी टँकर उलटला. एकदम पंधरा-वीस जखमी, आणि डॉक्टर एकटी. अशा वेळची रीत ठरलेली: ज्याला आधी हात लावायचा त्याच्या मनगटाला लाल पट्टी, त्यानंतर पिवळी, आणि जो थांबू शकतो त्याला हिरवी. ओळखपाळख बघायची नाही.

जखमींत तोही होता, पोट धरून भिंतीला टेकलेला. सगळं टाकून तिला त्याच्याकडे धावावंसं वाटलं... आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली. आपल्या माणसाला झुकतं माप? छे! तिने घाईघाईने त्याला हिरवी पट्टी बांधली.

"थांबतो मी," तो कसंबसं हसला.

थोड्या वेळाने सिस्टर ओरडली, "डॉक्टर, याला हिरवी कुणी बांधली? पोट लाकडासारखं कडक झालंय!"

पोटात रक्त साचत होतं. ऑपरेशन तिनेच केलं, तो वाचला. थोडक्यात वाचला.

तो नीट बोलायला लागला तेव्हा ती खाटेशी येऊन बसली.

"पट्टी बांधताना मी तुझ्या पोटाला हातसुद्धा लावला नाही रे. दुसरं कुणी असतं तर तपासलं असतं. तुझ्यावर जीव जडलाय... म्हणूनच तुझ्यावर अन्याय केला. तू गेला असतास तर—"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रागावलास?"

"हो. फार दुखत होतं गं. आणि यापुढे मला तू तपासायचं नाहीस."

तिचा चेहरा पडला. "विश्वास उडाला ना माझ्यावरचा?"

"वेडी आहेस का? डॉक्टरने घरच्या माणसावर उपचार करू नयेत म्हणतात." त्याने चाचपडत तिची बोटं धरली. "मला घरचा व्हायचंय... चालेल?"

डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंच नाही. मान वळवून तिने पडद्यापलीकडे हाक मारली,

"सिस्टर! हा पेशंट आजपासून तुमचा."