कोपराखालची उशी

बसा जवळ. कोमल, तो मोबाईल जरा पालथा घाल. भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला पांढरी साडी नि चिंचेचं झाड लागतं. यात त्यातलं काही नाही. ज्याच्यावर बेतली तो निवृत्ती कामशेतला माझ्या शेजारीच राहतो. सरळ माणूस. जन्मात एकदाच धडधडीत खोटं बोलला, आणि ते त्याला पुरून उरलं.

निवृत्ती तळेगावच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन. अन्ननलिकेचा कॅन्सर हल्ली दुर्बिणीतून काढतात. पेशंटला भूल दिली की चौघं मिळून त्याला पालथा करतात. मग छातीखाली, कमरेखाली उशा, चेहऱ्याला फोमचं कडं, हात डोक्याच्या दोन्ही अंगांना, आणि कोपरांखाली जेलच्या मऊ उशा, नाहीतर तिथली नस दबते आणि बोटं बधिर होतात. भूल दिलेल्या माणसाला टोचतंय म्हणून सांगता येत नाही, ते दुसऱ्यानं बघायचं असतं. ते काम निवृत्तीचं.

मार्चमध्ये कार्ल्याचे कोंडाजीभाऊ आले. भजनात पखवाज वाजवायचे. डाव्या पुडीवर ओली कणीक थापून एक थाप टाकली की मागं पेंगणारे म्हातारेसुद्धा ताठ बसायचे. त्या दिवशी नेमकी डावी उशी फाटलेली निघाली. चादरीची घडी करून आणतो, असं निवृत्तीनं मनाशी ठरवलं. तेवढ्यात घाई झाली, हिरवी कापडं भाऊंच्या अंगावर पडली आणि घडी राहून गेली. तासाभरानं त्याच्या ध्यानात आलं. कोपर टेबलाच्या नुसत्या कडक पट्टीवर होतं. तोंड उघडावं तर ऑपरेशन थांबणार, चारचौघांत खरडपट्टी निघणार. तो गप्प राहिला. पुढचे चार तास गप्प राहिला.

कॅन्सर निघाला. चौथ्या दिवशी भाऊंनी त्याला वॉर्डात हाक मारली. सगळ्यांनाच ते डॉक्टर म्हणायचे.

"डॉक्टर, डाव्या हाताची ही दोन बोटं झोपल्यात वो. करंगळी आन शेजारची. जागी व्हतील न्हवं?"

"होतील की भाऊ. सलाइनच्या सुईनं होतं तसं. जाईल."

बोटं जागी झाली नाहीत. पखवाज खुंटीवर गेला. दिवाळीच्या तोंडावर आजार उलटला आणि भाऊ गेले. निवृत्ती मातीला गेला नाही, दहाव्यालाही गेला नाही. पुढं कामशेतच्या बाजारात त्यांची बायको रतनबाई भेटली.

"मरस्तवर एकच घोकत व्हते," ती म्हणाली. "द्येवानंच हात काढून घेतला, माजंच कायतरी चुकलं आसंल."

निवृत्तीनं मान खाली घातली. एक वाक्य बोलला असता तर तो माणूस निदान देवाशी तरी भांडण न ठेवता गेला असता. पण तेव्हाही त्याची जीभ उचलली नाही.

आता ती रात्र. सतरा डिसेंबर दोन हजार पंचवीस, बुधवार. अमावास्या नव्हती, मी उगाच मीठमसाला लावत नाही. ती दोन दिवस पुढं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच ऑपरेशन होतं, म्हणून सिस्टरनी निवृत्तीला लोणावळ्याला पिटाळलं होतं, जेलच्या दोन नव्या उशा आणायला. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. त्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून तो जुन्या हायवेनं मोटरसायकलवर घरी निघाला. थंडी मरणाची.

कार्ला फाटा सोडला. पावणेअकरा झाले होते.

गाडी जड झाली.

मागं कुणी बसल्यावर होते ना, तशी. चाक पंक्चर असेल म्हणून त्यानं वेग कमी केला. चाक ठीक होतं. आरशात बघितलं. रस्ता मोकळा.

मग डाव्या खांद्यावर हात पडला.

जॅकेटमधूनही गार लागला. अंगठा… तर्जनी… मधलं बोट. तीन बोटं रुतत होती. बाकीची दोन नुसती टेकलेली. मेल्यासारखी.

निवृत्तीनं मागं पाहिलं नाही. ओरडलाही नाही. त्याला कळलं होतं.

"डॉक्टर…"

…

"जाईल म्हनला व्हता तुमी."

गाडी आपोआप थांबली. हेडलाइट चालू. दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं. कुत्रंसुद्धा नाही. खांद्यावरचा हात तसाच… वाट बघत.

निवृत्तीनं आता तोंड उघडलं. बोलला. मोठ्यानं, त्या रिकाम्या रस्त्यावर.

"भाऊ… सुईचं नव्हतं ते. कोपराखाली उशी नव्हती. मी ठेवली न्हाई. मला म्हाईत व्हतं… आन मी बोललो न्हाई. तुमचं कायबी चुकलं नव्हतं, भाऊ. माजं चुकलं."

…

…

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग गाडी हलकी झाली.

घरी पोचला तेव्हा बायको, अनिता, जागी होती. तो पांढराफटक. पाणीसुद्धा न पिता त्यानं सॅक उघडली. उशा होत्या तशाच. कंपनीचं सील कुठंही फाटलेलं नव्हतं. अनितानं उलटसुलट करून दोनदा तपासलं, तिनंच मला सांगितलं.

एका उशीवर, प्लॅस्टिकच्या आतून, ओल्या कणकेचा हात उमटला होता. डावा.

निवृत्तीनं बोटं मोजली. मग अनितानं मोजली.

पाच होती. करंगळीचा ठसा सगळ्यांत खोल.