डोंगरापलीकडे भुलीची पेटी

युद्ध कितीही पेटलं तरी दवाखान्यावर हल्ला करायचा नाही, हा साऱ्या मानवजातीने मान्य केलेला नियम आहे. आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवला होता. ती भिंत मंगळवारी पडली.

ढिगाऱ्यात भुलीच्या इंजेक्शनांची एक पेटी शाबूत सापडली. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात सर्जन होते, पण भूल नव्हती. आमच्या ड्रायव्हरमामांची मुलगी तिथेच मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन पडली होती. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं नाही, तर पाय कापावा लागणार होता. मग आम्ही तिघं निघालो: मामा, सिस्टर आणि मी, कंपाउंडर.

पूल उडाला होता. रुग्णवाहिका काठावर सोडून आम्ही नदीत उतरलो. पाणी छातीपर्यंत! सिस्टरनी पेटी डोक्यावर घेतली. मधोमध माझा पाय सटकला. गेलोच! मामांनी कॉलर धरून खेचलं.

"तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं की."

"मग ते पाण्यालाही कळू द्या!"

पलीकडचं जंगल इतकं दाट होतं, की पायवाट थोडं चालून स्वतःच गोंधळायची आणि झुडपात शिरायची. आम्ही एकाच वाकड्या झाडापाशी तीनदा आलो. तेवढ्यात डोक्यावर विमान घरघरलं.

"आपलं की त्यांचं?" मी विचारलं.

"आधी आडवे व्हा, मग चौकशी करा!" सिस्टर ओरडल्या.

त्यांच्या जाकिटावर पाठीला दवाखान्याची मोठी खूण होती. ती बघून विमानवाला सोडेल, असं माझं मत. ती बघूनच नेम धरेल, असं मामांचं. सिस्टरनी जाकीट उलटं घातलं. खूण आतून पुसट दिसत राहिली. दोघांचंही समाधान झालं.

धडाम! कड्यापलीकडून धूर उठला. मामा मटकन खाली बसले.

"दवाखाना तिकडेच ना हो?"

"तिकडेच," मी म्हणालो. "पण असं कसं? नकाशावरची जागा मी स्वतः दोन्ही बाजूंना लेखी कळवली होती. चुकून बॉम्ब पडू नये म्हणून."

"तुम्ही पत्ता दिलात त्यांना?"

"वाचवायला दिला, मामा."

"छान वाचवलंत!"

"पेटी परत नेऊन कुणाला भूल देणार?" सिस्टर म्हणाल्या. "उठा मामा. पोर वाट बघतेय."

चढ संपेना. दगड निसटत होते. माथ्यावर पोचलो आणि थबकलो. समोर दवाखाना उभा! अंगणात चादरी वाळत होत्या. धूर शेजारच्या दरीत होता. मामा धावत सुटले.

सर्जन दारातच उभे होते. "किती उशीर! हात धुवा."

पाय वाचला.

आमच्याकडे नवं पत्र जुन्यावरून उतरवायची पद्धत आहे. दवाखान्याची जागा कळवणारं पत्र मीही तसंच उतरवलं होतं, दरीतल्या जुन्या जागेसकट.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर दोन्ही बाजूंनी या हल्ल्याबद्दल एकमेकांचा तीव्र निषेध केला. दरीतली ती जुनी इमारत छत गळतं म्हणून चार वर्षं बंद होती.